क्रीटला घरच्यांना घेऊन जायचंय? आधी अर्धं बेट सोडून द्या

ग्रीसचं नाव काढलं की घरात कोणीतरी सँटोरिनीचे निळे घुमट दाखवतंच, आणि मग मुलं, आजी-आजोबा, स्ट्रोलर, चार बॅगा सगळं घेऊन त्या पायऱ्यांवर आपण काय करणार हा विचार तिकिटं काढून झाल्यावर येतो. मुलांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या बेटावर जायचं असेल तर माझं मत सरळ आहे, क्रीट. वाळूचे उथळ किनारे आहेत, डोंगर आहेत, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे राजवाडे आहेत, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही आणि सँटोरिनीच्या मानाने खिसाही कमी रिकामा होतो.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायला लागते. क्रीट छोटं नाहीये. पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब, रुंदीला कुठे १२ तर कुठे ६० किलोमीटर, आणि मध्ये जवळजवळ अडीच हजार मीटरचे डोंगर. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर घाटातून दोन तास खातं. लोक काय करतात, एका हॉटेलात आठ दिवस राहतात आणि तिथून रोज बेटाच्या एकेका टोकाला धावतात, संध्याकाळी पोरं गाडीत रडत असतात आणि बाबा ड्रायव्हिंग करून वैतागलेले. म्हणून आठ-नऊ दिवस असतील तर फक्त पश्चिमेचा अर्धा भाग घ्या, म्हणजे हानिया आणि रेथिम्नो, आणि शेवटी एक रात्र हेराक्लिओन. पूर्वेकडचं व्हाईचं खजुराचं बन, लसिथीचं पठार, एलुंडा, स्पिनालोंगा हे सगळं सोडून द्या. स्पिनालोंगाचा इतिहास भारी आहे, १९५७ पर्यंत तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती, पण त्या एका गोष्टीसाठी पश्चिमेकडून जायचं म्हणजे अख्खा दिवस रस्त्यावर. खाली जे लिहिलंय ते सगळं हे अर्धं बेट धरूनच.

पहिलं काम: महिना ठरवा, आणि तो शाळेच्या कॅलेंडरसोबत बसवा

क्रीटचा सीझन साधारण एप्रिल अखेर ते ऑक्टोबर अखेर. त्यानंतर किनाऱ्यावरची हॉटेलं, बोटी, बरेचसे टॅव्हर्ना (तिथल्या खाणावळी) बंद होतात, शहरं चालू असतात पण बीच हॉलिडे संपलेला असतो. आपल्याकडे मुलांना सुट्टी दोनदाच, मे आणि दिवाळी. आता दिवाळीचं गणित बघा, २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे म्हणजे ती सुट्टी क्रीटसाठी बाद, २०२७ ला २९ ऑक्टोबरला आहे म्हणजे अगदी काठावर, पावसाची शक्यता आणि निम्मी दुकानं शटर ओढायच्या तयारीत. त्यामुळे महाराष्ट्रातून शाळेची मुलं घेऊन येणाऱ्यांना मे हाच खरा महिना.

मे महिन्यात हवा मस्त असते, दिवसा बावीस ते सव्वीस डिग्रीच्या आसपास, डोंगर हिरवे, फुलं, गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त. फक्त समुद्र गार असतो, १९-२० डिग्री. मुलं तरी उतरतातच, आपण गुडघ्यापर्यंत जाऊन परत येतो. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, किंवा हॉटेलात तापवलेला पूल आहे का ते विचारून घ्या (नुसता पूल आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, मेमध्ये साधा पूल समुद्रापेक्षा गार असू शकतो). अजून एक, ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या ओळखीच्या ईस्टरपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या तारखेला येतो, २०२७ मध्ये तो २ मेला आहे. त्या तीन-चार दिवसांत ग्रीक लोक स्वतःच गावी जातात, फेरी आणि विमानं फुल, आणि दुकानं बंद. बघायला सुंदर असतं, मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन सगळं गाव चर्चबाहेर उभं असतं, पण बुकिंग फार आधी करायला लागतं.

लंडन, जर्मनी, नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना किंवा अजून शाळेत न जाणारी मुलं असलेल्यांना मात्र सप्टेंबर. समुद्र २५ डिग्रीच्या आसपास, उन्हाचा कडाका कमी झालेला. जुलै-ऑगस्ट मी तरी कोणाला सुचवणार नाही, तापमान पस्तिशीच्या वर जातं, किमती वर जातात आणि उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा दिवसच्या दिवस सुटतो, वाळू डोळ्यांत आणि बोटी रद्द.

व्हिसा, सहा महिने आधीपासून

ग्रीस शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांच्या गटात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि जास्तीत जास्त उशीर म्हणजे पंधरा दिवस आधी, पण मेसाठी सगळा भारत एकाच वेळी अपॉइंटमेंट शोधत असतो, त्यामुळे जानेवारीतच मागे लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना नाही, वर व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी वेगळी. जास्त रात्री ज्या देशात त्या देशाकडे अर्ज, म्हणजे ग्रीसच्या आधी पाच दिवस पॅरिस जोडलंत तर मोजून बघा कुठे जास्त झोपताय ते.

कागद नेहमीचेच, बँक स्टेटमेंट, आयटीआर, सॅलरी स्लिप किंवा धंद्याचे पेपर, ऑफिसचं सुट्टीचं पत्र, तिकीट, हॉटेल बुकिंग. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा आणि संपूर्ण मुक्कामाचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असला पाहिजे आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला. मुलांच्या बाबतीत जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, आणि आई-बाबांपैकी एकच जण सोबत जाणार असेल किंवा फक्त आजी-आजोबा नेणार असतील तर संमतीपत्र नोटरी करून घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्टवर आईचं नाव एक आणि जन्मदाखल्यावर लग्नाआधीचं असं असेल तर ते आधीच निस्तरून घ्या, आपल्याकडे हे फार घरांत असतं.

यूकेत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांना व्हिसा लागतोच. जर्मनी वगैरे शेंगेन देशाचं रेसिडेन्स परमिट असेल तर वेगळा व्हिसा नाही, ते कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवायचं बास.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल कॅन्सल करता येणारंच घ्या, दहा टक्के स्वस्त मिळतंय म्हणून नॉन-रिफंडेबलच्या मागे लागू नका.

तिकीट: येताना एका विमानतळावर, जाताना दुसऱ्या

क्रीटला दोन मोठे विमानतळ, पश्चिमेला हानिया आणि मध्यावर हेराक्लिओन. बुकिंग साईटवर हानिया हे 'चानिया' असं वाचावं लागेल अशा स्पेलिंगने दिसतं, गोंधळू नका. मुंबईहून दुबई, दोहा, अबूधाबी किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स आणि तिथून पाऊण-एक तासाचं विमान. युक्ती अशी की अथेन्स-हानिया जायचं आणि हेराक्लिओन-अथेन्स यायचं, मग बेटावर मागे फिरायला लागत नाही, आपण पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येतो. अथेन्सपर्यंतचं मोठं तिकीट आणि पुढचं छोटं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा, किंवा सरळ अथेन्सला एक-दोन रात्री थांबा, कारण पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. थांबलात तर अॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटसकट ऑनलाईन काढायचं, सकाळी आठचा घ्या, वर सावली नाही.

मुलांना विमानाचा कंटाळा आला असेल तर रात्रीची फेरी हा भारी प्रकार आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्री नऊ-दहाच्या सुमाराला निघते, सकाळी क्रीट. चार बेडची केबिन घ्या, आतच बाथरूम असतो, एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि पोरांना जहाजावर झोपल्याचं इतकं अप्रूप असतं की बाकीची ट्रिप विसरतील पण हे सांगत बसतील. विमानतळावरून मेट्रोची निळी लाईन थेट पिरेअसपर्यंत जाते. तिथे उतरल्यावर गेट नंबर बघा, बंदर प्रचंड आहे आणि क्रीटच्या बोटींची गेटं स्टेशनपासून लांब पडतात, गेटांपर्यंत आतली शटल बस असते तिची चौकशी करा. समुद्र खवळलेला असेल तर उलटीची गोळी जेवणाआधी द्या, नंतर देऊन उपयोग नसतो.

राहायचं कुठे

हानियाचं जुनं बंदर बघितलं की तिथेच राहावंसं वाटतं, व्हेनिसची सत्ता होती त्या काळातल्या इमारती, दगडी गल्ल्या, टोकाला दीपगृह. पण त्या सुंदर जुन्या घरांना लिफ्ट नसते, लाकडी जिने उभे असतात, गाडी आत जात नाही, आणि फरसबंदीवर बॅगेची चाकं रडतात. दोघंच असाल तर जरूर राहा. आजी-आजोबा किंवा स्ट्रोलर असेल तर नेआ होरा हा भाग बघा, बंदरापासून चालत दहा-पंधरा मिनिटं, समोर छोटा वाळूचा बीच, ओळीने टॅव्हर्ना, आणि तिथे साधारण घरगुती अपार्टमेंट मिळतात. पूल, खेळायची जागा वगैरे हवं असेल तर आगिया मरिना किंवा प्लातानियास, थोडं टुरिस्टी आहे पण पोरांना त्याच्याशी काय.

रेथिम्नोला गणित अजून सोपं. जुन्या गावाला लागूनच पूर्वेकडे कित्येक किलोमीटर वाळूचा किनारा सुरू होतो, त्या पट्ट्याच्या गावाकडच्या टोकाला खोली घ्या म्हणजे सकाळी बीच आणि संध्याकाळी गाव दोन्ही पायी. या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात, उन्हाळ्यात वाळूत जाळीचे छोटे पिंजरे लावलेले दिसतात, मुलांना त्यावर छत्री रोवू देऊ नका.

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट की ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट? मी अपार्टमेंटच्या बाजूने. रिसॉर्टमध्ये शाकाहारी माणसाला तिसऱ्या दिवशी तेच पास्ता-सॅलड समोर येतं आणि बाहेर फिरलात तर भरलेले जेवणाचे पैसे वाया. शिवाय क्रीटला येऊन बुफेत जेवायचं म्हणजे जरा अतिच झालं. अगदी लहान बाळ असेल आणि कुठे हलायचंच नसेल तर गोष्ट वेगळी.

बुकिंगच्या किमतीत न दिसणारा एक खर्च म्हणजे सरकारी लेव्ही, ती चेक-इनच्या वेळी द्यावी लागते, खोलीमागे रात्रीमागे. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर तीन स्टारला ५ युरो, चार स्टारला १०, पाच स्टारला १५, आणि भाड्याच्या अपार्टमेंटला ८. दोन खोल्या, नऊ रात्री असं केलंत की आकडा जाणवतो, आधीच बजेटमध्ये धरा.

गाडी

इथे जरा वेळ घालवतो, कारण क्रीटची ट्रिप गाडीवर ठरते. उत्तर किनाऱ्याने हानिया-रेथिम्नो-हेराक्लिओन बस चांगल्या आहेत, साधारण तासातासाला मिळतात, त्यांना केटेल म्हणतात. नुसत्या शहरांत राहणार असाल तर बसवर भागतं. पण दक्षिणेकडचे किनारे, डोंगरातली गावं यासाठी गाडी हवीच.

निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, अर्ज ऑनलाईन होतो, वैधता एक वर्ष. गाडी देणारा कधीकधी विचारतही नाही, म्हणून लोक म्हणतात गरज नाही, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी तेच मागणार. ओरिजिनल लायसन्स पण सोबत हवं.

ड्रायव्हिंग उजवीकडून. स्टिअरिंग डाव्या बाजूला, गिअर उजव्या हाताला, आणि पहिले दोन दिवस इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर चालू होईल. ऑटोमॅटिक घ्या, महाग पडते आणि संख्येने कमी असतात म्हणून दोन-तीन महिने आधी बुक करा, पण नव्या बाजूने चालवताना निदान गिअरचा विचार तरी डोक्यातून जातो. रात्रभर प्रवास करून उतरल्या उतरल्या गाडी हातात घेऊ नका. हानिया विमानतळ गावापासून १४-१५ किलोमीटर आहे, टॅक्सीने जा, झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायला बऱ्याच स्थानिक कंपन्या फार पैसे लावत नाहीत, ते बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

इन्शुरन्स फुल म्हटलं तरी टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग त्यात आहे का ते विचारा. आणि कच्च्या रस्त्यावर नेली तर बहुतेक करारांत इन्शुरन्स उडतोच. लहान मुलांना चाइल्ड सीट कायद्याने लागते, १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत, मांडीवर घेऊन बसणं हा प्रकार तिथे चालत नाही. सीट आधी मागून ठेवा आणि गाडी ताब्यात घेताना पट्टे घट्ट होतात का ते ओढून बघा. गाडीचा सगळीकडून व्हिडिओ काढा, रिम्ससकट.

आता रस्त्यावरचे रिवाज. उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर मागून कोणी जवळ आला की पुढची गाडी उजवीकडच्या शोल्डरवर (रस्त्याच्या कडेचा पट्टा) अर्धी सरकते आणि त्याला जाऊ देते, हे सगळे करतात. तुम्हीही रस्ता मोकळा दिसत असेल तरच सरका, वळणावर अजिबात नाही, पुढे कोणी पंक्चर होऊन उभा असू शकतो. डोंगरात बकऱ्या रस्त्यात बसलेल्या असतात आणि त्यांना घाई नसते. दक्षिणेकडच्या स्फाकिया भागात रस्त्याच्या पाट्यांवर गोळ्यांची भोकं दिसतील, घाबरू नका, तिथली जुनी खोड आहे, टुरिस्टशी त्याचा संबंध नाही. गूगल मॅप कधीकधी गावातल्या अशा गल्लीत नेतो की दोन्ही आरसे मिटायला लागतात, गावाबाहेर पार्किंग दिसलं की तिथेच लावा आणि चाला. आणि घाटात मुलांच्या उलट्यांची सोय, पिशव्या, ओले वाईप्स, पुढच्या सीटच्या खिशात, डिकीत नाही.

दिवसांचा आराखडा

हानियात चार-पाच रात्री, रेथिम्नोत तीन, हेराक्लिओनला एक. मोठ्या बाहेरच्या दिवसानंतर एक दिवस काहीच नाही, हा नियम पाळा, कितीही जीव तुटला तरी.

एलाफोनिसी हा पहिला मोठा दिवस. हानियापासून ७५ किलोमीटर, दीड तास. वाळूत गुलाबी छटा असते ती शिंपल्यांच्या बारीक कणांची, पाणी इतकं उथळ की चार वर्षांचं पोरगं लांबपर्यंत चालत जातं. फोटोत दिसतं तसं सगळं गुलाबी नसतं, काठाने पट्टे असतात, मुलांना आधीच सांगा नाहीतर हिरमोड. साडेनऊच्या आत पोचायचं, अकरानंतर बसेस येतात आणि पार्किंगला रांग. वाळू किंवा शिंपले घरी न्यायला बंदी आहे, संरक्षित जागा आहे. वाटेत तोपोलियाला एक अरुंद बोगदा लागतो, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, सिग्नलला थांबायचं.

बालोसचं लगून तुम्ही फोटोंत बघितलंच असेल. गाडीने जायचा रस्ता कच्चा, साधारण आठ किलोमीटर, वर सांगितलं तसा इन्शुरन्स नाही, आणि शेवटी खाली उतरायची पायवाट, जी परत येताना भर उन्हात चढायची असते. आजोबांच्या गुडघ्यांना नको ते. किस्सामोसच्या बंदरातून बोट जाते ती घ्या, ग्राम्वूसाच्या बेटावरही थांबते, वर किल्ला आहे, दमदार मंडळी चढतात बाकीचे खाली डुंबतात. वारा असेल तर बोट रद्द होते किंवा हलते भयानक, म्हणून बालोसचा दिवस आधीपासून पक्का करू नका, दोन दिवसांचा वाऱ्याचा अंदाज बघून आदल्या दिवशी ठरवा.

सामारिया घळीचं नाव सगळे घेतील. १६ किलोमीटर, पाच ते सात तास दगडगोट्यांतून उतार, मध्ये सोडून बाहेर यायला वाट नाही आणि शेवटी बोट पकडायची. बारा वर्षांवरची चालणारी मुलं असतील तर विचार करा. बाकीच्यांनी इम्ब्रोस घळ करा, साधारण आठ किलोमीटर, तशीच कडेकपारी पण माणसात राहिलेली.

हानियाहून रेथिम्नोला सरकायच्या दिवशी वाटेत कुर्नास तलाव. क्रीटमधलं गोड्या पाण्याचं एकमेव नैसर्गिक तळं, पेडल बोटी, बदकं, काठावर जेवण. रेथिम्नोहून एक अर्धा दिवस अर्कादीच्या मठासाठी ठेवा. १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या शेकडो लोकांनी, त्यात बायका-मुलंही होती, शरण जाण्याऐवजी दारूगोळ्याचं कोठार उडवून दिलं, ती छप्पर नसलेली खोली अजून तशीच आहे. मोठ्या मुलांना गोष्ट सांगून न्या. परतताना मार्गारितेस हे कुंभारांचं गाव, तिथे लहानांचा मूड परत येतो.

हेराक्लिओनला क्रम महत्त्वाचा, आधी म्युझियम मग क्नोसोस. उलट केलंत तर मुलांना राजवाड्यात नुसते दगड दिसतात. म्युझियममध्ये बैलावरून कोलांटी मारणाऱ्या पोरांचं भित्तिचित्र आहे, सापांची देवी आहे, आणि १९०८ मध्ये सापडलेली फाइस्तोसची मातीची तबकडी आहे जिची लिपी आजवर कोणाला वाचता आलेली नाही, इथे मुलं अडकून बसतात. त्या आधी मिनोस राजा, चक्रव्यूहासारखा महाल आणि बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर ही गोष्ट सांगून ठेवा. क्नोसोस शहरापासून पाच किलोमीटर, सिटी बस जाते. आर्थर इव्हान्सने १९०० पासून खोदकाम केलं आणि काही भाग काँक्रीटने पुन्हा उभारला, त्यावर अभ्यासक अजून नाक मुरडतात, पण खरं सांगू का, लहान मुलांसोबत असताना ते लाल खांब बरे वाटतात, काहीतरी दिसतं तरी. दुपारी म्युझियम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्नोसोस हे उत्तम. तिकीट ऑनलाईन काढा.

जेवण

शाकाहारींसाठी क्रीट युरोपातल्या चांगल्या जागांपैकी आहे, आणि त्याचं कारण धर्मात आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवासाचे दिवस वर्षात भरपूर, त्या दिवशी मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे भाज्या आणि कडधान्यांचा मोठा स्वयंपाक तिथे आधीपासून आहे. उपवासाच्या पदार्थाला 'निस्तीसिमो' म्हणतात, हे विचारलंत की दूध-अंडं-मांस तिन्हीचा प्रश्न सुटतो, पण कोळंबी, माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात हे लक्षात असू द्या. नुसतं मांस नको असेल तर 'होरीस क्रेआस'.

मागवायचं काय: फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा, मुलं ब्रेडसोबत संपवतात. दाकोस, कडक बार्लीच्या टोस्टवर टोमॅटो आणि मऊ चीज. होर्ता, उकडलेल्या रानभाज्या लिंबू पिळून. यिगांतेस, मोठ्या पांढऱ्या वालासारख्या बिया टोमॅटोत शिजवलेल्या. ब्रिआम, वांगी-बटाटे-झुकिनी भाजलेलं. हानियाचं बुरेकी, बटाटा-झुकिनी-चीजचे थर. गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या आणि दोल्मादाकिया म्हणजे द्राक्षाच्या पानातला भात, या दोन्हींत कधी खिमा असतो, विचारायचंच. सकाळी बेकरीतून पालक किंवा चीज भरलेली पेस्ट्री, आणि दही-मध. जैन जेवण मात्र बाहेर मिळणं अवघड, तिथे अपार्टमेंटचं किचन कामाला येतं. सुपरमार्केटात मसूर, छोले, तांदूळ, दही, सगळं मिळतं, मसाल्यांची छोटी डबी, हिंग आणि कुकर (बॅगेत जागा असेल तर) इथून न्या.

पण एक लक्षात ठेवा, भारतातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर घरी ठेवा. मेमध्ये जाताय म्हणून हापूसची पेटी पण नको, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं. चिवडा, चकली, थेपले, मेतकूट, लोणचं न्या, डब्यावर नाव चिकटवा.

जेवणाच्या वेळा उशिरा, स्थानिक लोक रात्री नऊला बसतात, पण सातला गेलात तरी टुरिस्ट भागात किचन चालू असतं आणि भुकेल्या पोरांसाठी तेच बरं. जेवण झाल्यावर फळं किंवा काहीतरी गोड आणि छोटी बाटली राकी फुकट येते, तो आग्रह आहे, बिलात नसतो. गाडी चालवणाऱ्याने ग्लास नुसता ओठांना लावून ठेवला तरी कोणी रागवत नाही. चौघांचं साधं टॅव्हर्नातलं जेवण साधारण ५० ते ७० युरो धरा, बेकरी आणि घरी एक वेळ शिजवून रोजचा खर्च बराच खाली येतो.

समुद्र

किनारे सार्वजनिक आहेत, बसायला पैसे नाहीत, पैसे खुर्च्या-छत्रीचे, आणि ते आधी विचारून बसा. झेंडे बघा, लाल असेल तर पाय भिजवण्यापलीकडे नको. उत्तर किनाऱ्यावर वारा सुटला की शांत दिसणारं पाणीही आत ओढतं, त्या दिवशी पोरांना तलावावर न्या किंवा गावातला किल्ला करा. बारा ते चार मुलांना उन्हात ठेवू नका, तिथली दुपारची झोप उगीच नाहीये, दोन ते साडेपाच गावंही गप्प असतात आणि त्या वेळात आपल्या बाल्कनीतून मोठ्याने व्हिडिओ कॉल नको. खडकाळ किनाऱ्यांसाठी रबरी बीच शूज घ्या, बाहूंवरचे फुगे नको, नीट बसणारं लाइफ जॅकेट घरूनच न्या.

बारीकसारीक

आपली बारीक दोन पिनांची चार्जरं चालतात, तीन पिनांची नाही. उन्हाळ्यात वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे, घरी फोन करायला सोपं. टॉयलेटमध्ये कागद आत टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, पाईप अरुंद असतात. आपली सवय म्हणाल तर छोटी बाटली सोबत ठेवा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण डोंगरातल्या गावांसाठी आणि पार्किंगसाठी रोख असू द्या, आणि एटीएमवर 'रुपयांत घ्या' असा पर्याय आला तर नाही म्हणा, युरोतच घ्या, नाहीतर रेट मारतात. आजी-आजोबांच्या गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे फार्मसी, छोट्या दुखण्याला ते बरंच मार्गदर्शन करतात. इमर्जन्सीला ११२.

परतीच्या दिवशी गाडी देताना टाकी भरल्याची पावती आणि मीटरचा फोटो ठेवा. ऑलिव्ह तेल घ्यायचं असेल तर काचेच्या बाटल्या नको, सीलबंद पत्र्याचा डबा घ्या, चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा आणि अथेन्सपर्यंतच्या छोट्या विमानाची वजनाची मर्यादा बघून मगच पाच लिटरचा उचला, त्या तिकिटावर बऱ्याचदा मोठ्या विमानापेक्षा कमी वजन दिलेलं असतं.